आक्कानं उचललेले ट्रे

"मावशी, इकडचंही उचला."

एवढंच वाक्य. काचेच्या भिंतीजवळ बसलेल्या एका बाईनं फोनवरची नजर न काढता म्हटलेलं. आणि माझी थोरली बहीण, माझी आक्का, त्या बाईच्या टेबलावरचे खरकटे कागद, सॉसच्या पुड्या, अर्धवट प्यालेले ग्लास ट्रेमध्ये गोळा करत होती. मी तीन टेबलं सोडून बसलो होतो. हातात बर्गर. बघत होतो.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी घरात, गावात, पाहुण्यांत या दिवसाबद्दल खोटं सांगत आलोय. आता सत्तरी उलटलीय. खरं काय ते लिहून ठेवतो.

आम्ही पाथर्डीकडचे. आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची, कारखान्याजवळच्या माळावर पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडायच्या. आक्का दहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर मोळ्या बांधायची. मला मात्र वसतिगृहात ठेवलं. दोघांनाही शाळेत घालणं जमणारं नव्हतं. घरात बसून विचार झाला तेव्हा आक्काच म्हणाली होती, याला ठेवा. मी आयटीआय केलं, नगरला नागापूरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागलो, सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. माझ्या मुलाच्या बारशाला त्याच्या कानात नाव सांगितलं ते आक्कानं.

मुलाचं लग्न जमत आलं होतं. मुलगी त्याच्याच कंपनीतली. तिचे वडील कॉलेजात प्राध्यापक, आई शाळेत शिक्षिका. दोन पिढ्यांपासून शिकलेलं घर. घरच्यांची पहिली भेट बाहेर, मोकळ्या ठिकाणी करू, असं मुलांनीच ठरवलं. सावेडीत बर्गरचं एक दुकान नवं निघालं होतं, तिथं.

आणि त्याच सकाळी आक्का यष्टीनं नगरला उतरली. न कळवता. मुलीवाले येणार हे तिला गावात कुणीतरी सांगितलं होतं. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू. नवं लुगडं. बायको म्हणाली, त्यांना घरीच राहू द्या. मी आक्काला तसं म्हणायला गेलो, पण ती पायांत चपला घालून दारात उभीच होती.

तिला घेऊन आम्ही थोडे लवकर पोचलो. काचेच्या दाराबाहेर तिनं चपला काढल्या. मी म्हटलं, घाल, इथं चालतात. तर म्हणाली, एवढी पांढरी फरशी, कुनाचं तरी हात दुखलं आसतील पुसून. तिला मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. एक बर्गर आणून दिला. तिनं वरचा पाव उचलून आत बघितलं आणि हसली.

"ह्यो तर वडापावच की रं. फुगलेला."

मी म्हटलं, तू इथं बस, त्यांच्याशी बोलणं झालं की बोलावतो.

हे मी म्हटलं. बायकोनं नाही, मुलानं नाही. आपल्या बहिणीला वेगळ्या टेबलावर मी बसवलं. पुढं जे घडलं त्याचं मूळ इथं आहे, म्हणून हे आधी लिहितो.

मुलीकडचे आले. नमस्कार झाले. मुलीचे वडील फार व्यवस्थित बोलायचे. मीही त्यांच्यासारखं बोलत होतो. चाळीस वर्षं मी माझ्या जिभेवरून गाव घासून काढलं होतं. त्यांनी विचारलं, मूळचे कुठले. मी म्हटलं, नगरचेच.

तिकडं आक्काचं खाऊन झालं. तिनं आजूबाजूला बघितलं. लोक उठताना आपापला ट्रे उचलून कोपऱ्यातल्या डब्यात रिकामा करत होते. तिला ते पटलं असणार. कोप्यांवर असंच असतं. जो जेवून आधी उठतो तो शेजारच्यांच्याही ताटल्या घेऊन जातो. उसाच्या फडात राबून कंबर मोडलेल्या माणसाला पुन्हा उठायला लागू नये म्हणून. ती उठली, आपला ट्रे घेतला, पदरानं टेबल पुसलं. तेव्हाच ती काचेजवळची बाई म्हणाली, मावशी, इकडचंही उचला.

आक्कानं उचललं. तिला त्यात अपमान दिसलाच नाही. मग आणखी एका टेबलावरच्या माणसानं नुसतं बोट केलं. तेही उचललं. मुलानं माझ्याकडं पाहिलं, तो उठायच्या बेतात होता. मी डोळ्यांनीच त्याला बस म्हटलं.

मग ती आमच्या टेबलाकडं आली.

ट्रे उचलायला नव्हती आली. आज मला कळतंय. मी बोलावत नव्हतो आणि तिला मुलगी जवळून बघायची होती. ट्रेचं निमित्त मिळालं होतं. ती मुलीसमोर उभी राहिली. चेहरा असा फुलला की काय सांगू. तिनं दोन्ही हात मुलीच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. उसाच्या पात्यांनी चिरलेली, काळी पडलेली बोटं.

मुलीची आई खुर्चीसकट मागं सरकली. पर्समधून रुमाल काढून मुलीच्या हातात दिला, पूस म्हणाली. दुकानाचा मॅनेजर धावत आला. आजी, तुम्ही कोण, कस्टमरला हात लावू नका, असं काहीतरी बोलला. मुलीच्या वडिलांनी मला शांतपणे विचारलं.

"तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

मी म्हटलं, "गावाकडची बाई आहे. आमच्याकडं कामाला असते."

आक्का दोन हातांवर होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं एकदाच पाहिलं. मला वाटलं आता ती बोलेल, सगळं उघडं पडेल. तिनं आमच्या टेबलावरचे ट्रे एकावर एक रचले. डब्याकडं नेले, रिकामे केले. परत आली. हात जोडले.

"साहेब, येते मी."

माझं खोटं तिनं सांभाळलं. पोराचं लग्न मोडू नये म्हणून. लाडवांची पिशवी खुर्चीखाली तशीच राहिली.

आक्का कुठं गेली असं विचारणाऱ्या नातेवाइकांना मी सांगितलं, एसीनं तिचं डोकं चढलं, म्हणून गेली; बायको-मुलालाही तेच सांगायला लावलं. लग्नाचं आवतण द्यायला मी गेलो नाही. लग्नात विचारणाऱ्यांना सांगितलं, आक्का टोळीबरोबर गेलीय. वैशाखात. वैशाखात कुठली टोळी? तोवर सगळ्या कारखान्यांचे पट्टे पडून गाळप संपलेलं असतं, माणसं गावी परतलेली असतात. पाथर्डीच्या प्रत्येकाला हे माहीत होतं. एकानंही उलट विचारलं नाही. तीही गावातच होती. सहा वर्षांत ती माझ्या दारात आली नाही, आणि भाऊबिजेला तिच्या दारात जायचं धाडस मला झालं नाही.

परवा नातीचा वाढदिवस होता. तिनं हट्ट धरला म्हणून त्याच दुकानात. एक म्हातारी फरशी पुसत होती. तिला बघून व्याह्यांना आठवण झाली. त्यांनी ती सगळ्यांना हसत सांगितली. "तुमची ती कामवाली हो, आमच्या पोरीची दृष्ट काढणारी. काय भन्नाट बाई होती." पाहुणे हसले. नातीनं विचारलं, दृष्ट म्हणजे काय.

मी उठलो. 

"ती कामवाली नव्हती. ती माझी सख्खी थोरली बहीण. तिनं ऊस तोडला म्हणून मी शिकलो. तेव्हा मी खोटं बोललो."

 मग विहीणबाई म्हणाल्या, आता कशाला हे, पोरीचा वाढदिवस आहे. व्याही म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंत. आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला?"

 तो रुमाल मी पाहिला होता. पण रुमाल त्यांचा, जीभ माझी.

काल आक्काकडं गेलो. तिचे गुडघे गेलेत, आता मुलगा-सून टोळीला जातात. ओट्यावर बसून ती बाजरी निवडत होती. मी सगळं सांगितलं. रडलो. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"लपूनछपून माज्यापाशी येऊन कशाला रडतो? मला ठाव हाय की मी कोन हाय. ज्येंला खोटं सांगितलं त्येंला सांग."

नगरला चल म्हटलं. न्हाई म्हणाली. चहा दिला नाही. पुढची गाडी कितीला आहे तेवढं सांगितलं.

तिनं मला माफ केलेलं नाही. करावं असं मी मागणारही नाही. हे लिखाण आज मुलाला, सुनेला, व्याह्यांना वाचायला दिलंय, खाली माझी सही करून. उद्या सकाळी पाथर्डीची गाडी धरतो. लग्नात ज्यांना ज्यांना मी टोळीची थाप मारली, त्यांच्या घरोघर जाणार, आणि उभ्यानं, मोठ्या आवाजात सांगणार की आक्का गावातच होती आणि मी तिला बोलावलं नव्हतं. लोक थुंकले तरी पुढच्या घराची कडी वाजवणार.