नकाशात नसलेल्या देशाचा वेल्डर

“हा देश कुठे आहे, ते मला नकाशात दाखवा,” देवधर साहेब म्हणाले.

मला दाखवता येईना. तो देश नकाशात नव्हताच. आणि गेट पासच्या फॉर्मवर त्याचं नाव टाईप केलं होतं मी.

गोष्ट २००१ सालची, कुवेतमधली. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे काय, तर साइटवर येणाऱ्या आणि साइटवरून जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, रजिस्टरला चढवायचा, आणि कोणी मागितला की दोन मिनिटांत काढून द्यायचा. हे काम एखादी नीटनेटकी मुलगी महिन्याभरात शिकते. मला मात्र वाटायचं की मी एक दिवस रजेवर गेले तर रिफायनरी बंद पडेल. गळ्यात साखळीचा चष्मा, टेबलावर चार रंगांची पेनं, वय पंचावन्न, आणि तोरा पंचवीस वर्षांच्या कलेक्टरीणबाईचा.

त्या वर्षी गेट पासचे फॉर्म पहिल्यांदाच माझ्याकडे आले. गेट पास म्हणजे रिफायनरीच्या आत जायची परवानगी. तो नसेल तर माणूस फाटकाबाहेर, मग तो कितीही मोठा कारागीर असो. आधी एचआरवाले हे फॉर्म उरकून टाकत. मी कसली उरकते! माझा नियम होता, कागदावर जसं असेल तसं उतरवायचं, काना-मात्रेचा फरक नको.

तर मिस्टर तुंग. आमचा व्हिएतनामी वेल्डर. पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. पाईपाच्या अवघड कोपऱ्यातला जॉइंट असला की सुपरवायझर त्यालाच हाक मारायचा. त्याच्या जन्मदाखल्याच्या भाषांतरावर लिहिलं होतं, ‘डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ व्हिएतनाम’. मी जन्माचा देश या चौकटीत तेच ठोकलं. पासपोर्टवर होतं ‘सोशालिस्ट रिपब्लिक ऑफ व्हिएतनाम’. राष्ट्रीयत्वाच्या चौकटीत ते ठोकलं. आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेले.

दोन दिवसांनी रिफायनरीच्या सिक्युरिटीकडून फॉर्म परत. शेरा असा: ‘दोन देश जाहीर केले आहेत. खोटी माहिती असल्याचा संशय. खुलासा करा.’

तो सोमवार होता. शनिवारपासून शटडाऊन. म्हणजे रिफायनरीचा एक भाग पूर्ण थांबवून दुरुस्ती करायची. अशा वेळी वेल्डरशिवाय पान हलत नाही.

देवधर साहेब आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. नाशिकचे. ऑफिसात मला मॅडम म्हणायचे, गणपतीत वहिनी. ऑफिसात वहिनी म्हणाले की समजायचं, काहीतरी वाकडं काम आहे.

“वहिनी,” ते म्हणाले, “साधं पत्र करा. टायपिंगची चूक झाली, अशा नावाचा देश कधीही अस्तित्वात नव्हता. खाली त्याची सही. संपलं.”

“कधीही?”

“जरा जोर येतो हो वाक्याला.”

मी दहा मिनिटांत पत्र टाईप केलं. समास दोन्ही बाजूंना सारखा, सहीसाठी ठिपक्यांची ओळ. आज ते आठवलं की त्या बाईच्या गळ्यातली चष्म्याची साखळी ओढावीशी वाटते. कारण ही तीच बाई, जिने पुण्यात कॉलेजात असताना व्हिएतनामसाठी मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. तेव्हाही हनोई उत्तरेत की दक्षिणेत, हे तिला ठाऊक नव्हतं. मोर्चात पुढे चालणारा एक उंच मुलगा होता, त्याची मागची बाजू मात्र तिला पाठ होती.

तुंगने पत्र सावकाश वाचलं. पेन खिशातून काढलं, आणि वाचून झाल्यावर परत खिशात ठेवलं.

“सही नाही करणार.”

“मिस्टर तुंग, नुसती फॉर्मॅलिटी आहे.”

“मॅडम, तो देश होता.” त्याने दाखल्याची मूळ प्रत माझ्याकडे सरकवली आणि शाईतल्या अक्षरांवर बोट ठेवलं. “हे अक्षर माझ्या वडिलांचं. ते हायफाँगला वॉर्ड ऑफिसात क्लार्क होते. आमच्या भागातले सगळे जन्मदाखले तेच लिहायचे. माझाही त्यांनीच लिहिला.”

मग तो बोलला. वर्षभरात बोलला नव्हता तेवढं त्या अर्ध्या तासात. फ्रेंच हरले, जिनिव्हाला करार झाला, आणि देशाच्या मधोमध, सतराव्या अक्षांशावर, रेघ ओढली गेली. दोन वर्षांत निवडणूक होऊन देश एक होणार होता. ती निवडणूक झालीच नाही. तुंगचं घर उत्तरेला, दाखल्यावरच्या त्या देशात; आत्या रेघेच्या दक्षिणेला राहिली. तिला पाकिटातून पत्र पाठवायची सोय नव्हती, नुसती उघडी कार्डं जायची. मग अमेरिकेची विमानं यायला लागली. शहरातली मुलं खेड्यांत पाठवली. शाळेच्या बाकांखालून खंदक जायचा. डोक्यावर गवताच्या पेंढ्यांची जाड टोपी, बॉम्बमधून उडणारे छर्रे अडावेत म्हणून. कारखानेसुद्धा उचलून रानात नेले. तुंग वेल्डिंग शिकला ते अशाच एका कारखान्यात, झावळ्यांच्या छपराखाली, ठिणगी वरून दिसू नये म्हणून चटया लावून. वडील एका दुपारी कामावर गेले, आणि संध्याकाळी वॉर्ड ऑफिसच उरलं नव्हतं.

“म्हणजे फार चांगला देश होता तुमचा,” मी आपलं सांत्वन केल्यासारखं म्हटलं.

तो हसला. “तांदूळ किडका मिळायचा, तोही कूपनवर. कोणाबद्दल काय बोलायचं याची भीती असायची. माझ्या मामाला काही कारण नसताना उचलून नेलं होतं. वाईट होता म्हणा, मी ऐकून घेईन. चांगला होता म्हणा, तेही ऐकेन. नव्हता, असं मात्र मी लिहून देणार नाही.”

गंमत पाहा. त्याचा वेल्डिंगचा दाखला होता पूर्व जर्मनीचा. तोही देश नकाशावरून गेलेला. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. जर्मनी म्हटलं की लोक दिशा विचारत नाहीत.

देवधर साहेबांनी ऐकून घेतलं आणि घड्याळ पाहिलं. “बुधवारी दुपारपर्यंत सही, नाहीतर त्याचं तिकीट. बदली वेल्डर तयार आहे.”

“आणि त्याच्या नावावरचा तो खोट्या माहितीचा शेरा?”

“तो राहणारच.”

म्हणजे गल्फमधल्या कुठल्याच रिफायनरीचं फाटक त्याला पुन्हा उघडणार नव्हतं. आणि हे सगळं माझ्या काना-मात्रेपायी.

मंगळवारी सकाळी मी हसनभाईंकडे गेले. मूळचे रत्नागिरीकडचे. टायपिंगचं छोटं दुकान. अरबी तर्जुमा, म्हणजे सरकारी भाषांतर, आमची कंपनी त्यांच्याकडूनच करून घ्यायची. तुंगच्या दाखल्याचं अरबीही त्यांचंच.

“बाय, कागद खोटा नाय,” ते म्हणाले. “तुमी जरा जास्त शानपना केलाव, इतकाच. पण तुमाला आठवत नाय? तुमच्या सोताच्या जल्माच्या दाखल्यावर कुटल्या तरी राजाचा शिक्का होता. तर्जुमा मीच केलतो. तुमचा फारम काय म्हंतो ता बगा आदी.”

माझी फाईल! पंचवीस हजार कागदांना नंबर देणाऱ्या बाईने स्वतःची फाईल कधी उघडलीच नव्हती. ती होती कंपनीच्या अर्दियातल्या गोदामात. नव्वद साली इराकी सैन्य आलं तेव्हा त्या गोदामातून एसी गेले, टाईपरायटर गेले, खुर्च्याही गेल्या. फाईली जागच्या जागी राहिल्या. फाईली कोणी लुटत नाही.

धूळ झटकून उघडली. जन्म भोरचा, १९४६ सालचा. दाखल्यावर ठसठशीत शिक्का: भोर संस्थान. आणि फॉर्मवर, जन्माचा देश: इंडिया. कोणीतरी उरकून टाकलं होतं. बावीस वर्षं मी त्या उरकण्याच्या जोरावर गेट ओलांडत होते.

मी दोन्ही फाईली काखेत मारल्या, हसनभाईंना बरोबर घेतलं आणि थेट सिक्युरिटी ऑफिसात गेले. अपॉइंटमेंट नाही. देवधर साहेबांना कल्पना नाही. क्लायंटशी बोलायचं ते फक्त प्रोजेक्ट मॅनेजरने, हा नियम मीच टाईप करून भिंतीवर लावला होता.

सिक्युरिटीचे प्रमुख अबू नासिर. कुवेती, पन्नाशीचे, अंगावर कडक इस्त्रीची दिशदाशा, म्हणजे तो पायघोळ पांढरा अंगरखा. मी माझा गेट पास गळ्यातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“साहेब, त्या वेल्डरने खोटं सांगितलं असेल तर मीही सांगितलंय. दोघांचे पास एकदमच रद्द करा. मी त्याच्याहून जुनी गुन्हेगार आहे.”

त्यांनी माझ्या दाखल्याचं अरबी वाचलं आणि भुवया वर गेल्या. हसनभाईंनी संस्थानाचं अरबीत ‘इमारत’, म्हणजे अमीरात, केलं होतं.

“भोरची अमीरात? तेल आहे?”

“तांदूळ आहे साहेब. वासाचा.”

“मग तिचं काय झालं?”

“राजाने सही केली, भारतात गेली.”

“आणि याच्या देशाचं?”

“लढाई संपली, उत्तर-दक्षिण एक झाले, नवं नाव ठेवलं.”

त्यांनी तुंगची फाईल उघडली. वरच ते पत्र होतं. सहीची जागा कोरी. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“कधीही अस्तित्वात नव्हता. हे कोणी लिहिलं?”

“टाईप मी केलं.”

“त्याने सही का नाही केली?”

मी सांगितलं. वडिलांचं अक्षर, वॉर्ड ऑफिस, सगळं. त्यांनी पेन हातात घेतलं. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण थांबेल ती मी कसली!

“साहेब, अकरा वर्षांपूर्वी कुवेतबद्दलही कोणीतरी हेच लिहीत होतं. तुम्ही केली असती सही?”

हसनभाईंनी “या अल्ला” म्हणून डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता माझंही तिकीट बुधवारचं.

अबू नासिरांनी पेन खाली ठेवलं. “माझी मोठी मुलगी इराकच्या ताब्यातल्या त्या सात महिन्यांत जन्मली,” ते म्हणाले. “हॉस्पिटलात जो छापील फॉर्म दिला, त्यावर कुवेतच्या जागी इराकचा प्रांत होता. बायको म्हणाली, घे, मुलीला लस तरी मिळेल. मी नाही घेतला. मुलीला बायकोच्या अबायात, त्या काळ्या झग्यात, गुंडाळून घरी आणलं. देश परत मिळेपर्यंत ती कागदावर जन्मलीच नव्हती.”

मग त्यांनी माझ्या सुबक पत्राचे दोन तुकडे केले. तुंगच्या फॉर्मवर हाताने चार ओळी अरबीत लिहिल्या आणि शिक्का मारला. हसनभाईंनी बाहेर आल्यावर वाचून दाखवल्या: देशाचे जन्मावेळचे नाव बरोबर आहे. नंतर देश एक झाला. माहिती खरी. पास द्यावा.

पण त्याआधी, मी दारात असताना, अबू नासिरांनी मागून हाक मारली. “मॅडम, असं पत्र पुन्हा कुणासाठी टाईप करू नका.”

मी परत वळले, टेबलावर राहिलेला माझा पास उचलला आणि गळ्यात घातला.

तुंगचा पास गुरुवारी आला. मी त्याला तो दिला तेव्हा त्याने आधी जन्माच्या देशाची चौकट वाचली, मग स्वतःचं नाव. शटडाऊनमधले त्याचे सगळे जॉइंट एक्स-रेला पास झाले, एकही पुन्हा करावा लागला नाही. पुढच्या वर्षी फॉर्मची नवी आवृत्ती आली, तीत एक ओळ वाढली होती: ‘जन्मावेळी देशाचे नाव, वेगळे असल्यास’. मी माझ्या फॉर्मवर ‘भोर’ लिहिलं. देवधर साहेबांनी सही करताना डोळे फिरवले, पण केली.

मला मात्र वॉर्निंग लेटर मिळालं. प्रोजेक्ट मॅनेजरला डावलून क्लायंटकडे गेल्याबद्दल. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून मी पोच दिली, नंबर दिला आणि रजिस्टरला चढवलं. “पश्चात्ताप होत असल्यास खाली लिहावे,” अशी एक ओळ शेवटी होती. ती मी कोरी ठेवली.

नोकरीला लागणाऱ्या माझ्या नातींना मी एवढंच सांगते. कागदावर जसं आहे तसं उतरवा, उरकू नका. त्रास होईल, पण तो निस्तरता येतो. आणि साहेबाने वाक्याला जोर यावा म्हणून एखादा शब्द घालायला सांगितला, तर आधी विचारा, सही कोणाची आहे.