पाण्याला रॉकेलचा वास

खून-दरोड्यांचे तपास मी बरेच केले आणि त्यातले निम्मे विसरलोही. पांढुर्ण्यातल्या एका गल्लीची विहीर मात्र अजून डोक्यातून जात नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो.

संत्र्याचा बहार तोडणीला आला की गावात बाहेरची माणसे उतरत. व्यापारी लॉजवर राहत. पेट्या भरणाऱ्या मजुरांना लॉज परवडत नसे, ते कुणाच्या तरी घरातली खोली काही आठवड्यांसाठी भाड्याने घेत. त्या गल्लीत एक विधवा बाई एकट्याच राहत. सगळे त्यांना काकू म्हणत. घराच्या पुढच्या दोन खोल्या त्या अशा पाहुण्यांना देत आणि त्यावरच त्यांची चूल पेटत असे. शेजाऱ्यांना हे पटत नव्हते. ओट्यावर बिड्या, विहिरीवर उघड्याने आंघोळी, मोठमोठ्याने हसणे. तोंडी तक्रारी येत आणि आम्ही समज देऊन परत पाठवत असू. शेजाऱ्यांच्या भांडणात पोलीस पडला की दोन्ही घरे मिळून त्यालाच शिव्या देतात, हा माझा अनुभव.

एका सकाळी हजेरी चालू असतानाच काकूंच्या समोर राहणारे गृहस्थ ठाण्यात आले. सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, अंगावर इस्त्रीचे कपडे.

"साहेब, त्या लोकायनं विहिरीत मातीचं तेल टाकलं," ते म्हणाले. "काल माझं त्यायच्याशी वाजलं, त्याचा वचपा काढला. लोकं काठ्या घेऊन उभे हायेत. लवकर चला."

रोजनामच्यात नोंद करून हवालदाराला घेऊन निघालो. जमाव खरोखरच जमला होता. बादली वर काढली, तर पाण्यावर तवंग आणि वास रॉकेलचा. पंचनामा केला. वरूडकडचे तिघे मजूर काकूंच्या खोलीत बसवून ठेवले होते. एकाची कॉलर फाटलेली. कोपऱ्यात स्टोव्ह आणि रॉकेलचा डबा. जमावाला तेवढा पुरावा पुरेसा होता.

"तू टाकलंस?" मी फाटक्या कॉलरवाल्याला विचारले.

"मी काहून टाकीन, साहेब? आमी बी तेच पाणी पेतो. आमचा भात बी त्यातच शिजते."

तिघांना वेगवेगळे घेऊन विचारले, उत्तर तेच. खोटे बोलणारा माणूस फार सविस्तर बोलतो. हे नुसते वैतागले होते.

काकू दारात उभ्या होत्या. "आज याईले काढलं त माह्याकडं पुन्हा कोणी येनार नाही, साहेब. मंग मी काय खाऊ, ते याईले विचारा," त्या गल्लीकडे हात करून म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, संतापल्या होत्या. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटले.

मग घरोघर फिरलो. सगळीकडे एकच रड, घरात घोटभर पाणी नाही. त्या गल्लीत आदल्या दिवशीचे पाणी शिळे म्हणून पहाटे ओतून देत, भांडी घासून पालथी घालत आणि मग ताजे भरत. त्या दिवशी भरायलाच मिळाले नव्हते. बायका घागरी घेऊन लांबच्या नळावर गेल्या होत्या.

शेवटी बाबूंच्या घरी गेलो. त्यांनी चहाचा आग्रह धरला. मी नको म्हटले, ते ऐकेनात. साहेब पहिल्यांदाच घरी आलेला, त्याला कोरडा कसा पाठवायचा? पेला भरून पाणी आले, पाठोपाठ चहा. कशालाच वास नव्हता. चहा घेता घेता आत नजर गेली. हंडे, घागरी, स्वयंपाकाची पातेलीसुद्धा काठोकाठ भरलेली होती.

"बाबूजी, हे पाणी कधीचं?"

आतून त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, "काल संध्याकाळीच भरून ठेवाले लावलं न यायनं. म्या म्हटलं शिळं होईन, त ऐकूनच नाही राहिले."

मी हवालदाराला बाहेर पाठवले आणि दार लोटून घेतले. बाबूंनी चष्मा काढला.

"मागच्या महिन्यात पोरीले पाहाले आले होते, साहेब. समोर ओट्यावर हे लोकं बिड्या फुकून राहिले होते. पाहुने पोरीकडं कमी अन् बाहेरच जास्त पाहून राहिले. त्याईचा निरोपच नाही आला. परवा दुसरे येनार हायेत. तेल मीच टाकलं. वाटलं, बोभाटा झाला की हे लोकं जातीन."

मुलगी आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "माह्यासाठी केलं म्हनू नका, बाबा. मी शिवण काकूच्याच घरी शिकली."



मी काकूंना आत बोलावून सगळे सांगितले. तक्रार दिली तर गुन्हा दाखल होईल, बाबूंची नोकरीही धोक्यात येईल, हेही सांगितले. त्यांनी मुलीकडे पाहिले.

"केस नको. यायनं सांगावं का त्या पोरायनं नाही केलं. अन् विहीर साफ करून द्यावी."

"इथंच हात जोडतो, काकू," बाबू म्हणाले.

"आरोप इथं केला होता काय?"

बाबू विहिरीवर गेले आणि तेल त्या पोरांनी टाकले नाही, हे सगळ्यांसमोर बोलले. आवाज चढला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेला. काठ्यावाले एकेक करून पांगले. विहिरीत उतरायला मात्र गल्लीतला कोणी तयार होईना. शेवटी तो फाटक्या कॉलरवाला कमरेला दोर बांधून उतरला. वर दोर धरणाऱ्यांत बाबूही होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

तेव्हापासून शेजाऱ्याची तक्रार आली की मी आधी तक्रारदाराच्या घरी जाऊ लागलो आणि चहाला नाही म्हणणे सोडले. उद्या जाणाऱ्या माणसावर बोट दाखवणे सगळ्यात सोपे असते, हेही तिथेच शिकलो. पण त्याहून मोठी गोष्ट काकूंनी शिकवली. मी गुन्हा नोंदवला असता तर माझा तपास कागदोपत्री चोख ठरला असता. पाहुणे बहार संपल्यावर निघून गेले असते. काकूंना मात्र त्याच गल्लीत, त्याच विहिरीवर, बाबूंच्या घराकडे पाहत एकटीने दिवस काढावे लागले असते. काकूंना हे माझ्या आधी कळले होते.