नानांची नियमांची फाईल

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इस्लामपुरातल्या आमच्या चार टेबलांच्या ॲप-कचेरीतला सर्वांत खडूस माणूस गेल्या महिन्यात वारला. यापुढे कुणीही कसाही कोड लिहावा... त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उभा राहिलो. नाना आत आले की मालक असूनही मी तसाच उठायचो.

नाना मोहिते पाटणकडचे, फौजेच्या सिग्नल तुकडीतून सुभेदार म्हणून निवृत्त. पन्नाशीत मुलाच्या पुस्तकांवरून प्रोग्रॅमिंग शिकले आणि माझ्याकडे कामाला लागले. तेव्हा आमची ॲप्स तीन: ऊसतोडीची पाळी, पाणीपाळी आणि गुरांचा डॉक्टर. तिघांनी लिहिलेली, म्हणून तीन तऱ्हांची. नानांनी आठ दिवस बसून तिन्हींसाठी नियमांची एकच फाईल केली. कोड पुढं जाण्याआधी यंत्र तो या नियमांवर तपासणार, नियम मोडला की तिथंच अडवणार. "बराकीत कुनाचीबी पेटी उघडा, साबण त्याच कोपऱ्यात घावला पायजे!" पहिल्याच दिवशी चुकांच्या खुणांनी सगळे पडदे तांबडेलाल, आणि सर्वांत तांबडा माझा.

"नाना, मला तरी सूट द्या."

"साहेबाची पेटी आधी उघडायची."

एकदा गुरांच्या डॉक्टरचं ॲप दुपारी लोकांना दाखवायचं होतं आणि यंत्र एका नियमावर अडून बसलं: काही चुकलं तर कोडनं ते गुपचूप गिळायचं नाही. मी खवळलो. "बंद करा तो नियम!" नाना हलले नाहीत. त्यांनी मोबाईलचं नेट बंद केलं आणि ॲपवरून डॉक्टरला बोलावलं. पडद्यावर झळकलं, 'डॉक्टर निघाले आहेत.' निरोप कुठंच गेला नव्हता. "आमच्या खोऱ्यात रेंज न्हाई. म्हस अडलीया, मानूस वाटंकडं डोळं लावून बसलाय... कुनाची वाट बघतोय त्यो?" मी कार्यक्रम पुढं ढकलला.

परवा पुन्हा तेच. सांगलीची मंडळी नवं ॲप बघायला समोर येऊन बसलेली, आणि यंत्र नेमकं त्याच नियमावर अडलेलं. नानांच्या माघारी त्या फाईलला कुणी हात लावला नव्हता. मी ती उघडली, पाहुण्यांकडं बघून गोड हसलो आणि नियम खोडायला बोट नेलं. तेवढ्यात, दोन वर्षांत 'हो सर'पलीकडं न बोललेली आमची प्रणाली सगळ्यांदेखत उभी राहून ओरडली,

"आवं सर, नाना मेल्यात म्हनून काय बी करायचं व्हय!"