मोहाखालचा पाला
आज सकाळी कोणीतरी मोहाखालचा पाला पेटवला, त्याचा वास घरात आला आणि मले ती दुपार आठवली. तेव्हा आमचे हे उन्हाळाभर जंगलातले वणवे विझवायच्या कामावर असत. त्या कामाले वेळकाळ नव्हता. कधी पहाटे बोलावणं, कधी भरल्या ताटावरून. त्या दिवशी दोन रात्री जागून आले, न जेवताच खाटेवर पडले आणि घोरायले लागले. मले इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तेवढ्यात आपलं काम उरकावं म्हणून मी परसातल्या मोहाखालचा पाला गोळा करून काडी लावली. जमीन साफ असली की फुलं वेचायले सोपं जाते, आमच्याकडं सगळ्याच बाया असं करतात. धूर खाटेपर्यंत गेला असेल. हे अनवाणीच धावत आले, पळसाची हिरवी फांदी मोडली आणि आग झोडपायले लागले. "अजी, मीच पेटवली, आपलंच झाड हाय," मी म्हटलं. डोळे उघडे होते, पण मले ओळखलं नाई. "बाई, मांगं सरका. लेकरं घेऊन नाल्याकडं जा." कुंपणापलीकडून शेजारीण हसली, "काऊन जी भाऊजी, घरच्या बायकोले बाई म्हणता?" तेव्हा कुठं ते जागे झाले. पोळलेले तळवे पाहत खाली बसले आणि हळूच म्हणाले, "लई दिवसानं झोप लागली होती वो." आता ते काम सुटून वर्षं झाली, तरी यांचा डोळा लागत नाई. एखाद्या दुपारी लागलाच, तर मी दारात बसून राह्यते आणि येणाऱ्याले हातानंच परत पाठवते.