एक तारखेचं पाणी

आमचे पप्पा, राजरत्न सोनावणे, भोईवाड्याच्या कोर्टातली कारकुनी संपवून रिटायर झाले आणि चाळीच्या गॅलरीत वाळवंट मांडून बसले. डोक्याला नुसता ताप! आफ्रिकेच्या वाळवंटातल्या रोपांची एक जात म्हणे हुबेहूब गारगोटीसारखी दिसते. तसली बारा रोपं त्यांनी ऑनलाइन मागवली आणि प्रत्येक कुंडीला नावाची चिठ्ठी चिकटवली. पाणी फक्त एक तारखेला, दोन चमचे.

आपल्या दमट हवेत अकरा कुजली. बारावं मात्र तीन वर्षं टुणटुणीत. पाहुणा आला की आधी त्याचं दर्शन, मग चहा.

परवा आईच्या झाडूचा धक्का लागून ती कुंडी पडली. कुंडी फुटली, फरशीचा टवका उडाला, रोपाला मात्र ओरखडाही नाही. आईनं ते उचलून नखानं खरवडलं.

"अहो, हा दगड आहे!"

"मला गेल्या वर्षीच कळलं," पप्पा मान खाली घालून म्हणाले. "पण माझ्या हातून एक तरी जगलंय, म्हणून गप्प बसलो."

आज एक तारीख. सकाळीच आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, दगडाला पाणी घातलंत का?"