ठकीला श्रावण नव्हता

मांजर गेलं म्हणून एखाद्या म्हाताऱ्याचं जेवण तुटलं, तर तुम्ही हसाल का? गोडदेवात हसले लोक. हसणं फुकट असतं.

लवूकाकांची बायको सुलू गेल्या दिवाळीत गेली. मागे राहिली तिची मांजर ठकी. करडी, डावा कान फाटका. चौक गावाहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या उर्मिलाकडून सुलू मांदेली घ्यायची, त्यात ठकीचा वाटा ठरलेला. पुढे तो काका घालू लागले. जेवण झालं की बीपीची गोळी तिला दाखवून गिळायचे, "बघ, घेतली गं बाई."

सुलूचा श्रावण कडक. ती होती तेव्हा हे महाशय खानावळीत गुपचूप सुरमई हाणून यायचे. यंदा मात्र मनावर घेतलं, तिचा श्रावण आपण पाळायचा. घरात मासळी बंद. ठकीला दूधभात.

उर्मिलाने दारातच टोकलं, "काका, मांजरीला कसला सरावन? तिला तरी दोन घाला."

"सुलूच्या घरात नाही म्हणजे नाही."

ठकीने चार दिवस दूधभात नुसता हुंगला. पाचव्या दिवशी तळमजल्याच्या खिडकीतून उतरली, ती परत आलीच नाही.

मुलगा स्वप्नील फोनवर म्हणाला, "बाबा, दुसरी आणून देतो ना. मांजरच तर आहे."

"तुझ्या आईचा आवाज ओळखणारी कुठून आणशील?"

शेजारची नीलम भाजी द्यायला आली, तर गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी.

"काका, आठ दिवस घेतल्या नाहीत?"

"दाखवू कोणाला?"

नीलमने दवाखान्यात नेलं; वाढलेलं बीपी बघून डॉक्टरने डोस वाढवून दिला. घरात बोलायला कोण आहे, हे त्याने विचारलं नाही. कागदावर तसा रकाना नसतो.

श्रावण सरला, गणपती गेले. काका आता रोज मांदेली घेतात. स्वतः दोन घास खातात, उरलेली सुलूच्या बशीत खिडकीवर ठेवतात आणि तिच्यासारखं लांबवून हाक मारतात, "ठकेऽऽ, ये गं." दिवसभर न वापरलेला गळा मध्येच चिरकतो. मग तसेच बसून राहतात, बशी वाळेपर्यंत.

गोडदेवच्या गल्लीत फाटक्या कानाची करडी मांजर दिसली, तर तिला हाकलू नका. दोन मांदेली टाकून थोपवून धरा आणि लवूकाकांना हाक मारा. आणि नाहीच दिसली, तरी त्यांच्या खिडकीशी पाच मिनिटं थांबून विचारा, "काका, आजची गोळी दाखवा बघू."