चपला बाहेर

आज बँकेत शिरताना गार हवेचा झोत आला, काचेपलीकडे कॉम्प्युटर दिसले आणि मी दारातच चपला काढल्या.

"काका, चपला घालूनच या," रखवालदार हसत म्हणाला.

मी नोकरीत असताना आमच्या ऑफिसात, गार हवेच्या बंद खोलीत, नावाला 'मिनी' पण कपाटाएवढा मिनीकॉम्प्युटर होता. धूळ नको म्हणून त्याच्या खोलीबाहेर सगळ्यांच्या चपला असायच्या. पुढे टेबलावर मावणारा छोटा आला. मोठ्याचे जुने प्रोग्रॅम अक्षरही न बदलता चालवायचा, हेच त्याचं कौतुक. त्याला ना गार हवा लागायची, ना बंद खोली. तरी आमच्या ऑपरेटर सावंतबाई टेबलापाशी चपला काढूनच बसायच्या. मी हसलो, तर म्हणाल्या, "अहो, यंत्र बदललं. काम तेच आहे ना?"

तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. आता नुसता थकवा येतो. कपाट भंगारात गेलं, मागोमाग तो छोटाही गेला. त्यांच्यासाठी लागलेली सवय तेवढी माझ्यात अजून बिनचूक चालते आहे, आणि ती बंद कशी करायची हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही.

मी चपला घातल्या. आत गेलो, पण पाऊल अनवाणी असल्यासारखंच जपून पडत होतं.